सतरा मिनिटं

बाबा,

तुमच्याबद्दल सगळ्यांचं चांगलं लिहून झालं. धाकट्या समीरने पेपरात दिलेल्या चौकटीत वक्तशीर, शिस्तप्रिय, निगर्वी असे तीन शब्द आहेत. तुमच्या कारखान्यातल्या जुन्या माणसांनी ग्रुपवर लिहिलं, साहेब गेटातून आत आले की आम्ही घड्याळं लावून घ्यायचो. आत्याने लिहिलं, असा भाऊ पुन्हा मिळायचा नाही. आता मी लिहिते. तुम्ही जाऊन चोवीस दिवस झाले आणि माझा राग जसाच्या तसा आहे. माणूस गेलं की लोक त्याच्यावरचा राग गिळून टाकतात, वाईट दिसतं म्हणून. मी लहानपणापासून पुष्कळ गिळलं. हा नाही गिळणार.

तुमच्या जावयाने, नितीनने, ग्रुपवर एक फोटो टाकलाय, अबुधाबीच्या पार्कमधला. तुम्ही आणि इरा बाकावर बसलाय, दोघांच्या माना वर, दोघांची तोंडं उघडी. सगळे त्याच्यावर हात जोडतायत. माझ्या ऑफिसमधली सेल्व्ही म्हणाली, "अंकल ने कितना एन्जॉय किया ना, यू आर सो लकी." मावशीने लिहिलं, लेकीने शेवटी हौस पुरवली हो. त्या फोटोनंतर अर्ध्या तासात त्याच बाकावर काय झालं, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे.

ते सांगायचं तर आधी मालवण सांगायला हवं. तुम्ही ते कधी कुणाला सांगितलं नाहीत.

मी दहा वर्षांची होते, समीर सात. तुमच्या कंपनीची सहल होती, चाळीस माणसांची बस, आणि वेळापत्रक अर्थातच तुमच्या हातचं. तुमचं कामच टाइम स्टडीचं. नट आवळायला कामगाराला किती सेकंद लागतात, वाकायला किती, हात पुढे न्यायला किती, हे स्टॉपवॉच लावून मोजायचं आणि त्यातले फुकटचे सेकंद काढून टाकायचे. घरी आम्ही होतो. माझी आंघोळ सहा मिनिटं, समीरची पाच. जेवताना बोलायचं नाही, कारण बोलताना घास थांबतो.

मालवणच्या किनाऱ्यावर त्या सकाळी रापण ओढत होते. दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून मागे मागे सरकत होती, बायासुद्धा, आणि लांब समुद्रात जाळ्याचा गोल हळूहळू लहान होत होता. मी आयुष्यात तसलं काही पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पाच मिनिटं." पाच झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, अजून थोडं. जाळं येईपर्यंत." तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, हो म्हणालात.

मी वळून पाहिलं तेव्हा तुम्ही नव्हता. आई नव्हती, समीर नव्हता, बस उभी होती तिथपर्यंतची वाट रिकामी होती. मी आधी चालले, मग पळाले, मग उलट्या बाजूला पळाले. ओरडले. दोर ओढणाऱ्या एका बाईने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "बापाशीचा नाव काय गो?" मला तुमचं नाव सांगता येईना, इतकी मी रडत होते. मग तुम्ही वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीमागून बाहेर आलात. तुमच्या हातात स्टॉपवॉच होतं. ते तुम्ही माझ्यासमोर धरलंत.

"सतरा मिनिटं," तुम्ही म्हणालात. "थांबून राहिलं की काय होतं ते कळलं ना आता?"

होडीमागून मी रडताना तुम्हाला दिसत होते. हे मला कळायला काही वर्षं लागली. लहान असताना मला एवढंच कळलं होतं की चूक माझी आहे. जाळं किनाऱ्याला आलेलं मी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही समीरला आणि आईला घेऊन सहलीला गेलात आणि मला मिरजेला आत्याकडे ठेवलंत. "हिला घेतलं की वेळापत्रक कोलमडतं," असं तुम्ही आत्याला दारात सांगितलंत. मी चपला काढत होते. सगळं ऐकू आलं.

तर मी शिकले. तुम्हाला आनंद झाला असता इतकी शिकले. दुबईच्या जेबेल अली बंदरात माझं कामच मुळी वेळेचं आहे. जहाजाचा कट-ऑफ, माल आत घ्यायची शेवटची वेळ, चुकला की कंटेनर धक्क्यावर राहतो, आणि माझ्या हाताखाली गेल्या सहा वर्षांत एकही राहिलेला नाही. माझ्या टीममधली पोरं माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही पिंपरीत तेच म्हणत असणार.

आणि खरं बोलायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते. शाळेच्या फाटकात मी कधी एकटी उभी राहिले नाही. सगळ्यांचे वडील उशिरा यायचे, तुम्ही घंटेआधी हजर. बारावीच्या परीक्षेला तुम्ही आदल्या दिवशी सायकलवरून सेंटरपर्यंत जाऊन आला होतात, रस्ता खोदलाय का ते बघायला. इरा झाली तेव्हा तारीख दहा दिवस पुढे होती, तरी तुम्ही आणि आई आधीच दुबईत येऊन बसला होतात, आणि ती दहा दिवस आधीच आली. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा दारात पहिले तुम्ही उभे होता. तुमच्यावर नुसता राग धरता आला असता तर किती सोपं झालं असतं. तेवढीही सोय तुम्ही ठेवली नाहीत.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, या जानेवारीत, तुम्ही दुबईत अल बर्शाच्या आमच्या घरी राहायला आलात. आणि मी पाहिलं तर माणूस बदललेला. इराला सकाळी स्कूलबसला सोडायला तुम्ही जायचात. एकाच आठवड्यात दोनदा तिची बस चुकली. एकदा गाडीखाली मांजरीची पिल्लं होती. एकदा वॉचमन तुम्हाला पेशावरच्या त्याच्या घराचे फोटो दाखवत होता.

"बाबा, बस चुकली तर मला तिला सोडून मग जेबेल अलीला जावं लागतं," मी म्हणाले.

"हो, चुकलंच," तुम्ही म्हणालात. आणि तुम्ही आणि इरा एकमेकांकडे बघून हसलात.

मी ते हसू बघितलं आणि गाडीची चावी घेतली. लिफ्टमध्ये माझे कान तापले होते. बाबा, मला माझ्या पोरीचा हेवा वाटला. नऊ वर्षांच्या पोरीचा.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला मिडटर्मची सुट्टी होती. आम्ही अबुधाबीला दोन दिवस जायचं ठरवलं, पार्कच्या शेजारच्याच हॉटेलात. मी एक्सेलमध्ये प्लॅन केला. कुठल्या राइडला किती वाजता गर्दी कमी, कुठून कुठे चालायला किती मिनिटं, जेवण कुठे, टॉयलेट कधी. नितीनने तो बघितला आणि म्हणाला, "आपण सुट्टीला चाललोय की ऑडिटला?" तुम्ही चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचलात. मला वाटलं, म्हणाल, छान केलायस. तुम्ही तो घडी करून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "बराच भरलाय गं."

पहिले तीन तास माझ्या कागदाप्रमाणे गेले. मग घोड्यांच्या चक्रापाशी आलो आणि तिथे इरा थांबली. चक्राच्या छपराला सोनेरी नक्षीची झालर होती, तिच्यात एक भोक पडलं होतं, आणि साळुंक्यांची एक जोडी तिथे घरटं करत होती. त्या खाली यायच्या, टेबलांखालचे कागदी स्ट्रॉ, पॉपकॉर्नच्या डब्याचे तुकडे उचलायच्या आणि वर न्यायच्या. एकीने अख्खा स्ट्रॉ आडवा चोचीत धरला होता. भोकाशी गेली की तो अडकायचा. ती मागे यायची, पुन्हा जायची, पुन्हा अडकायचा.

इरा हसून हसून बाकावर आडवी झाली. तुम्ही तिच्या शेजारी बसलात.

"शी इज सो सिली, आजोबा. टेल हर टु टर्न इट."

"सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात. "कळेल तिला."

नितीनने तो फोटो तेव्हा काढला. आणि एक कबूल करते, मीसुद्धा बसले. बाकाच्या टोकाला, पर्स मांडीवर घेऊन. ऊन सौम्य होतं, चक्राचं तेच तेच संगीत वाजत होतं, आणि त्या खुळ्या पक्ष्याने स्ट्रॉ खाली टाकला, त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा उचलला, तेव्हा मी हसले. मोठ्याने. इराने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एखादं मिनिट असेल. मला घड्याळ आठवलं नाही.

मग इराने विचारलं, "आजोबा, हाउ लाँग विल दे टेक?"

आणि तुम्ही म्हणालात, "त्यांना लागेल तेवढा वेळ."

तुम्ही. ज्यांनी मला सहा मिनिटांत आंघोळ करायला शिकवली. वाक्य तुमच्याजवळ होतं तर. इतकं सोपं होतं ते, मऊ, बिनकष्टाचं. ते माझ्यासाठी का नव्हतं?

मी उठले. नितीनला म्हटलं, "तू इराला घेऊन रोलर कोस्टरच्या लाइनीत उभा राहा. मी बाबांना आणते."

"यल्ला, चल, इरा," नितीन म्हणाला. ती कुरकुरत गेली. तुम्ही अजून वरच बघत होता. मी तुम्हाला काही सांगितलं नाही. समोरच्या दुकानाबाहेर टोप्यांचा उंच स्टँड होता, त्याच्यामागे जाऊन उभी राहिले आणि मोबाइलवर टायमर लावला.

हे मी रागाच्या भरात केलं नाही, बाबा. मला तसं म्हणता आलं असतं. मी अगदी थंड होते. मी जागासुद्धा बघून निवडली, जिथून तुमचा चेहरा दिसेल.

दुसऱ्या मिनिटाला तुम्ही शेजारी पाहिलंत. मग मागे. तिसऱ्या मिनिटाला उठलात. तुमचा फोन हॉटेलवर चार्जिंगला होता हे मला माहीत होतं. तुम्ही दोन पावलं एकीकडे गेलात, दोन दुसरीकडे, आणि परत बाकापाशी आलात, कारण बाक सोडला तर आम्ही कुठे शोधणार. लहान मुलाला शिकवतात तसं. हरवलास तर तिथेच थांब. तुम्ही सिक्युरिटीच्या माणसाला हिंदीत काहीतरी विचारलंत. त्याला हिंदी येत नव्हती. तुम्ही हाताने उंची दाखवलीत, एक इराची, एक माझी. पुन्हा पुन्हा दाखवलीत. माझ्या छातीत काहीतरी गोड झालं. ते दया वगैरे नव्हतं. चौतीस वर्षांनी कुणीतरी माझी फिर्याद ऐकून घेतली होती.

साधारण सातव्या मिनिटाला तुम्ही खाली बसलात. हात गुडघ्यांवर ठेवलेत आणि शोधायचं थांबवलंत. मला वाटलं, परत पक्ष्यांत रमले. मला आणखी संताप आला. म्हटलं, बसा मग. बसा पूर्ण सतरा.

टायमर झाल्यावर मी तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंडात वाक्य तयार होतं. तुम्ही माझ्याआधी बोललात.

"झाली का सतरा?"

 तुम्ही माझ्या पायांकडे बोट दाखवलंत. "टोप्यांच्या खालून तुझे बूट दिसत होते."

"मग उठून आला का नाहीत?"

"म्हटलं, होऊ दे तुझं."

मी तुम्हाला पाण्याची बाटली दिली. ती सगळा वेळ माझ्याच पर्समध्ये होती. तुम्ही अर्धी प्यायलात, आणि आपण रोलर कोस्टरकडे चालू लागलो. 

लोक म्हणतील, बघ, बापाने केवढं मन दाखवलं. नाही, बाबा. चौतीस वर्षं मी एक गोष्ट जपून ठेवली होती, आणि ती माझ्या हातून घडत असताना तुम्ही तिच्यात बसून तिला संमती दिलीत. माझा सूडसुद्धा तुमच्या परवानगीने झाला. मालवणला मला परवानगी द्यायची संधी कुठे होती? मला तुमचे बूट दिसत नव्हते.

आणि एक. तुम्हाला आकडा लक्षात होता. म्हणजे तुम्ही विसरला नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती की तुमच्या लेखी ती एक साधी सकाळ असेल.

दुबईला परत आल्यावर दोन दिवसांनी, सकाळी, आपण दोघंच स्वयंपाकघरात होतो. नितीन ऑफिसला गेला होता, इरा शाळेत. मी वर्क फ्रॉम होम घेतलं होतं, मुद्दाम. तुमच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाले, "बाबा, मालवणचं बोलायचंय."

"बोल."

"का केलंत तसं?"

तुम्ही कप उचललात. "तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं."

"आणि आता?"

तेवढ्यात टेबलावर माझा लॅपटॉप वाजला. नऊची मीटिंग. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. "तुझं काम असेल ना?"

मी उठले. हे मला तुम्हाला सांगायचं आहे, बाबा, आणि याचा राग तुमच्यावर नाही. मीटिंग पाच मिनिटं उशिरा सुरू झाली असती तर एकही जहाज बुडालं नसतं. तुम्ही कप हातात धरून बसला होता, तोंड उघडत होता असंही मला वाटलं, आणि मी हेडफोन लावला. दुपारी बोलू, म्हटलं. दुपारी इरा घरी आली.

मार्चच्या मध्यावर तुम्ही चिंचवडला परत गेलात. एप्रिलमध्ये एका सकाळी आंघोळ करून आलात, खुर्चीत बसलात आणि गेलात. समीरचा फोन आला तेव्हा मी शेख झायद रोडवर गाडी चालवत होते. गाडी बाजूला घेतली. मला मिळालेलं पहिलं विमान संध्याकाळी उतरलं. घरी पोचले तर फरशी धुऊन झाली होती. दुपारी दोनलाच सगळं आटपलं होतं.

"तू नक्की कधी पोचशील त्याचा भरवसा नव्हता," समीर म्हणाला. "आणि बाबांनाच आवडलं नसतं, ताटकळत ठेवलेलं."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या काकू आत निघून गेल्या एवढं सांगते. तो तुमचाच मुलगा. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्याने तुमच्यावर पुरतं वापरलं. आणि त्यात माझा शेवटचा वेळ गेला. पायांना हात लावायलाही मिळाला नाही. मी त्याच्याशी अजून बोलत नाही. तेराव्यालाही बोलले नाही. बोलेन, इन्शाल्ला, इथे म्हणतात तसं. म्हणजे कधी ते विचारू नका.

काल दुपारची गोष्ट. इरा शाळेतून आली, टेबलाशी बसून टोस्ट खात होती. मी समोर मोबाइलवर मेल बघत होते.

"मम्मा, आर यू स्टिल अँग्री विथ आजोबा?"

मी मोबाइल खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं मी रागावलेय?"

"आजोबा टोल्ड मी. त्यांनी मला एक गोष्ट सांगितलीय. फॉर यू." टोस्टचा कोपरा तिने दुधात बुडवला. "एअरपोर्टला जाताना. बट आय कॅन टेल यू ओन्ली वेन यू आर नॉट अँग्री एनिमोर."

"आत्ता सांग."

"नो. आय प्रॉमिस्ड."

मी रागावले. टॅब काढून घेईन म्हटलं. तिने टॅब उचलून माझ्यासमोर ठेवला. मग मी जवळ घेतलं, गोड बोलले. "सॉरी म्हणाले का ते? एवढंच सांग."

"आय काँट से, मम्मा." तिचे डोळे भरले, पण ती बधली नाही. "सो, आर यू?"

नाही म्हटलं असतं तर झालं असतं. एक शब्द. नऊ वर्षांच्या पोरीला माझं खोटं कळलं नसतं, आणि तुम्ही जे चौतीस वर्षांत माझ्याशी बोलला नाहीत ते मला टोस्ट संपायच्या आत ऐकायला मिळालं असतं. मी तिच्या ओठांवरच्या दुधाकडे बघत बसले. माझ्या तोंडातून नाही येईना.

"हो," मी म्हणाले. "आहे अजून."

"ओके," इरा म्हणाली. "देन नॉट येट." ग्लास सिंकमध्ये ठेवून ती होमवर्कला गेली.

तर असं आहे, बाबा. आईला जे सांगायचं राहिलं ते तिच्याबरोबर गेलं. तुमचं तुम्ही माझ्या लेकीच्या हाती सोपवून गेलात, आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे ठेवलीत. तुमचं जे काही सांगायचं आहे ते तिच्याजवळ सुखरूप आहे. ती विसरणारी पोर नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसणार आहे, आणि ती विचारेल तेव्हा खरं तेच सांगणार आहे. कदाचित पुढच्या वर्षी. कदाचित ती कॉलेजात जाईल तेव्हा. तोवर तुम्ही थांबा.

मला घाई नाही.